आधी पाणी, मग तेल

"सव्वीस... सत्तावीस... अठ्ठावीस..."

दुकानाच्या मागच्या भिंतीशी स्टुलावर उभा राहून एक मुलगा खोकी मोजत होता. मोजत होता मराठीत. दाराशी बुटांवरचा बर्फ झटकणारी सेलेस्टीन तशीच थांबली. विनिपेगमध्ये, सार्जंट अव्हेन्यूवरच्या विग आणि क्रीमच्या दुकानात, हे ऐकू येईल असं तिला वाटलं नव्हतं.

तिने इंग्रजीतच विचारलं, विग कुठे आहेत. त्याने वळून डावीकडे बोट दाखवलं, पुन्हा खोक्यांकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. आकडा डोक्यातून गेला होता.

"एकोणतीस," ती म्हणाली.

स्टूल हललं. तो तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने तिच्या मागे बघितलं. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

"तुम्ही... मराठी?"

"तुम्ही मोजत होतात ते मराठीच होतं ना?"

१८ नोव्हेंबर २०१७, शनिवार, दुपारचे तीन. मुलाचं नाव नंदन शेवडे, गाव कऱ्हाड. इथल्या कॉलेजात त्याचा सप्लाय चेनचा कोर्स नुकताच संपला होता आणि नोकरी मिळेपर्यंत तो या दुकानात काम करत होता. सात महिन्यांत त्याने एक ठरवून टाकलं होतं : दारातून आत येणारी बाई जमैकाची, नायजेरियाची किंवा इथिओपियाची. समोरच्या उंच, काळ्या, कानांपर्यंत लोकरी टोपी ओढलेल्या मुलीबद्दलही त्याने तेच धरलं होतं.

सगळेच तसं धरत. सेलेस्टीन सिद्दी हल्याळजवळच्या एका वाडीतली. काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून पश्चिम किनाऱ्यावर आणलेल्या माणसांचे वंशज त्या जंगलपट्टीत राहतात, त्यांच्यातलं हे एक ख्रिस्ती कुटुंब. सहाव्या वर्षी ती बेळगावला सिस्टरांच्या मराठी शाळेत गेली, पुढे वसईत नर्सिंग शिकली, तिथेच पाच वर्षं नोकरी केली. आता ती विनिपेगच्या एका वृद्धाश्रमात केअर एड होती आणि नर्सच्या परवान्याच्या परीक्षांची तयारी करत होती. इंडियन ग्रोसरीत तिच्याशी कोणी हिंदी बोलत नसे. बस स्टॉपवर आफ्रिकन बायका आपुलकीने विचारत, कुठल्या देशाची. ती इंडिया म्हणाली की त्या पुन्हा विचारत.

नंदनने सगळ्यात सरळ, सगळ्यात लांब विग काढून काउंटरवर ठेवला आणि सवयीने म्हणाला, "हे बघा. हंड्रेड पर्सेंट इंडियन हेअर."

"माझेही," ती म्हणाली.

दोघंही हसले. मग त्याने माप घ्यायला टोपी काढायला सांगितली आणि तिचं हसणं थांबलं. हात टोपीच्या कडेवर गेला, तिथेच राहिला.

"टोपीवरूनच घ्या."

"टोपीवरून माप चुकेल."

"चुकू दे."

त्याने आणखी विचारलं नाही. टेप टोपीवरून फिरवली. बोट कपाळाला लागू नये म्हणून इतकी काळजी घेतली की टेप दोनदा निसटली. तिसऱ्यांदा ती न राहवून म्हणाली, "मी भाजत नाही हो."

"मी नवीन आहे," तो म्हणाला. सात महिने झाले होते, हे त्याने सांगितलं नाही.

टोपीखाली काय होतं ते सेलेस्टीनने वसई सोडल्यापासून कोणाला दाखवलं नव्हतं. बेळगावला शाळेच्या वसतिगृहात दर रविवारी मुली रांगेत बसायच्या, एकमेकींच्या डोक्याला तेल लावायच्या, घट्ट वेण्या घालायच्या. तिची वेणी होत नसे. दोन महिन्यांतून एकदा वॉर्डन तिचे केस मुलांसारखे कापून टाकायच्या आणि म्हणायच्या, हिचे वाढतच नाहीत. आईला त्या केसांचं काय करायचं ते येत होतं, पण ते शिकण्याआधीच ती घरातून निघाली होती. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात तिने केस सरळ करायचं रिबाँडिंग करून घेतलं, मग दर सहा महिन्यांनी. आता टोकाशी सरळ, निर्जीव झाडूसारखे केस आणि मुळाशी कुरळ्यांचा दाट थर, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे रोज तुटत होते.

तिला फार काही नको होतं. एक माणूस हवा होता, ज्याच्यासमोर डोक्यावर काही न घेता बसता येईल. एवढंच. पण कोण, हे ठरत नव्हतं, आणि ठरत नाही तोवर हात टोपीवर जात राहायचा.

विगने खाज सुटली. पुढच्या शनिवारी ती तक्रार घेऊन आली. त्याच्या पुढच्या शनिवारी पिना घ्यायला. मग विगखालची जाळी. मग पिना पुन्हा.

"गेल्या वेळच्या पिनांचं काय झालं?" नंदनने विचारलं.

"हरवल्या."

"दोनशे?"

"घर मोठं आहे आमचं."

घर म्हणजे श्रावणीबरोबर वाटून घेतलेलं बेसमेंट होतं. दोन खोल्या, एक वॉशरूम आणि जमिनीच्या रेषेत एक खिडकी, ती डिसेंबरात बर्फाने बुजली. श्रावणी मूळची ठाण्याची, कॉलेजात शिकत होती आणि फावल्या वेळात सेलेस्टीनवर लक्ष ठेवत होती. शनिवारी दुपार झाली की ही बाई भांडी दोनदा घासते, फोन उलटा ठेवते, सुलटा करते, तीनची बस असली की दोनलाच बूट घालून बसते, असं ती नंदनला न भेटताच नंदनबद्दल सांगू शकत होती.

"बूट घालून घरात बसलीयेस. नुसतं जा ना."

"अजून वेळ आहे."

"वेळ आहे तर बूट काढ."

सेलेस्टीन बूट काढत नसे. आधीचीच पंधरा नंबरची बस पकडून ती एक तास लवकर पोचायची आणि कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात वाफ धरलेली काच पुसत बसायची.

नंदन तिला सिस्टर म्हणायला लागला होता; आपल्याकडे नर्सला म्हणतात तसं. या सिस्टर, बसा सिस्टर. नाताळच्या आदल्या आठवड्यात ती म्हणाली, "ते सिस्टर बंद कर."

"का? आदराने म्हणतो."

"आदर नकोय."

त्याने हातातली बाटली कपाटात ठेवली, पुन्हा काढली, दुसऱ्या कप्प्यात ठेवली. "मग काय म्हणू?"

"नाव आहे मला."

"सेलेस्टीन," तो म्हणाला. चुकणार तर नाही ना, अशा काळजीने हळूहळू म्हणाला. तेव्हापासून 'तुम्ही'ही गळून पडलं, कोणी पाडलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

दुकानात गिऱ्हाईक नसताना नंदन बाटल्यांवरची लेबलं वाचायचा. कुठल्या केसांना प्रोटीन, कुठल्यांना नाही, कुरळ्यांच्या कुठल्या प्रकाराला इंग्रजीत कोणता आकडा... सगळं पाठ होतं. परीक्षा असती तर पहिला आलो असतो, म्हणायचा. पण तसे केस त्याने कधी हाताळले नव्हते. त्याच्या हातातून गेले होते ते फक्त पाकिटातले, त्याच्याच देशातून आलेले, सरळ.

२० जानेवारीला, शनिवारी, त्याने बातमी सांगितली. रेजिना शहरात नोकरी लागली होती, एका सरकारी खात्याच्या गोदामात. सोमवारी २६ फेब्रुवारीला हजर व्हायचं. पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायला अप्लाय करायचं तर अशी नोकरी सोडणं शक्यच नव्हतं.

ती म्हणाली, छान. नंतर विचारलं, किती लांब. तो म्हणाला, पावणेसहाशे किलोमीटर. तिने पुन्हा छान म्हटलं आणि त्या दिवशी काहीच विकत न घेता बाहेर पडली. बस आली, गेली, दुसरी आली. उणे चोवीस होतं. तिसऱ्या बसमध्ये चढेपर्यंत तिने ठरवून टाकलं होतं. तो जाण्याआधी त्याला दाखवायचं. टोपी नाही, विग नाही. मग त्याला जे वाटायचं ते वाटू दे.

पण निदान बरं दिसेल असं काहीतरी दाखवायला हवं. पाच आठवडे होते. तिने त्याला मेसेज केला, कारण न सांगता : केस भराभर वाढायला काही आहे का? नंदनने सगळी लेबलं बाजूला ठेवून कऱ्हाडला फोन लावला. त्याच्या आईचा, मंदाकिनीबाईंचा, उपाय ठरलेला होता. खोबरेल तेल कोमट करायचं, कोरड्या डोक्याला मुळापासून चोळायचं, बारीक कंगव्याने विंचरून गुंता काढायचा, घट्ट बांधून ठेवायचं. आठवड्यातून तीनदा. आणि ओले केस कधी विंचरायचे नाहीत, तुटतात.

यातलं शेवटचं सेलेस्टीनला नवीन नव्हतं. वसतिगृहात तेच शिकवलं होतं, वसईतही तेच. आयुष्यात तिने एकदाही ओल्या केसांना कंगवा लावला नव्हता.

पहिल्या दिवशी कंगव्यात केस आले. दुसऱ्या दिवशी जास्त. तेलाने केस मऊ होण्याऐवजी तारेसारखे कडक होत चालले. तिने आणखी तेल घातलं, आणखी जोर लावला. चौथ्या वेळी डाव्या कपाळावरची एक संपूर्ण बट कंगव्याबरोबर हातात आली. आवाजही झाला, सुकी काडी मोडल्यासारखा. आरशात दोन बोटांएवढी जागा उघडी दिसत होती.

ती वॉशरूममध्ये बराच वेळ बसून राहिली. श्रावणीने दार वाजवलं तेव्हा आतून म्हणाली, पोट दुखतंय.

त्या शनिवारी ती दुकानात गेली नाही. पुढच्याही नाही. नंदनचे नऊ मेसेज आले. दहाव्याला तिने उत्तर दिलं.

"तुझ्या आईच्या उपायाने माझे होते तेही गेले."

पाठवलं आणि लगेच वाटलं, मागे घ्यावं. बाण सुटला होता. फोनवर दोन निळ्या खुणा आल्या, त्यानंतर काहीच नाही. एक दिवस, दोन, पाच. ड्युटीवर ती जेवणाचा ट्रे घेऊन जायची आणि खोलीच्या दारात विसरायची, कोणासाठी. एका आजोबांचं ब्लडप्रेशर तिने तीनदा मोजलं. ते म्हणाले, पोरी, माझं ठीक आहे, तुझं मोजून घे.

दुकानापासून तिसऱ्या दारावर मिस पॉलेटचं सलून होतं. किंग्स्टनहून चाळीस वर्षांपूर्वी आलेल्या, सत्तरीच्या, जाड चष्म्याच्या बाई. सेलेस्टीनने त्यांना नंदनच्या काउंटरवर दोनदा बघितलं होतं; दोन्ही वेळा त्यांनी तिच्या विगकडे बघून जीभ टाळ्याला लावून आवाज केला होता. ११ फेब्रुवारीला, रविवारी, चर्चमधून निघाल्यावर ती घरी न जाता त्यांच्याकडे गेली. आता लाज धरून काही उपयोग नव्हता. दारावर 'बंद' अशी पाटी होती, पण आत दिवा दिसत होता. तिने दार ढकललं.

आत नंदन बसला होता.

त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये रबराचं एक डोकं होतं. डोक्यावर दाट, कुरळे, ओले केस. त्याचे हात कोपरापर्यंत कंडिशनरने पांढरे झाले होते, नाकावरही एक ठिपका होता, आणि तो जीभ बाहेर काढून एका बटेचा पीळ घालत होता. पीळ पडत होता, सुटत होता. मिस पॉलेट मागे खुर्चीत बसून चहा पीत होत्या.

त्याने वर बघितलं. रबराचं डोकं घरंगळून तिच्या बुटांपाशी आलं.

मिस पॉलेटनी चहा खाली ठेवला आणि कोणी काही विचारायच्या आत सगळा हिशेब मांडला. हा मुलगा पाच दिवसांपूर्वी आला आणि म्हणाला, मला शिकवा. मी म्हटलं, डोकं आण. म्हणाला, ती येणार नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी या रबराच्या बाईला छळतोय. हात वाईट आहेत, पण उठत नाही.

"मला माहीत नव्हतं तू..." नंदन मराठीत म्हणाला.

"मलाही."

"मी माफी लिहिली होती. पाठवली नाही. वाचून वाटलं, याने काय होणार."

मिस पॉलेटनी समोरची खुर्ची फिरवली आणि सेलेस्टीनला बसायला सांगितलं. ती बसली. हात टोपीवर गेला. आरशात तिला नंदन दिसत होता, आणि त्यालाही ती. दोघांच्या मध्ये एवढासा आरसा... तिच्या बोटांनी टोपीची कड धरली आणि पुढे काही होईना.

नंदन उठला. त्याने आपलं स्टूल उचललं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि पाठ फिरवून बसला.

तिने टोपी काढली.

मिस पॉलेटनी बोटांनी केस चाचपून बघितले. मग विचारलं, कोरड्यावर कंगवा? सेलेस्टीनने मान हलवली. कोरड्यावर तेल? पुन्हा मान. त्या म्हणाल्या, तुला ज्यांनी शिकवलं त्यांचे नियम त्यांच्या केसांना बरोबर आहेत. सरळ केस ओले असताना तुटतात. हे कोरडे असताना तुटतात. हे केस तहानलेले असतात, टाळूचं तेल वळणावळणांतून टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी पाणी, मग क्रीम, मग तेल. तेलाने पाणी आत राहतं. पाणीच नसेल तर तेल कशाला झाकण घालणार? कंगवा रुंद दातांचा, तोही टोकाकडून सुरुवात करून. झोपताना सॅटिनचा स्कार्फ. लोकरीची टोपी ओलावा शोषते, तिला आतून सॅटिनचं अस्तर लाव.

"पण माझे वाढत नाहीत," सेलेस्टीन म्हणाली.

"वाढतात, बाळा. महिन्याला अर्धा इंच, सगळ्यांचे वाढतात तसे. वाढतात तेवढे तू तोडतेस."

वीस-बावीस वर्षं तिने ऐकलेलं वाक्य एवढ्यात खोटं ठरलं. तिला हसावं की रडावं ते कळेना. मिस पॉलेटनी कात्री दाखवून विचारलं. ती हो म्हणाली. रिबाँडिंगची सरळ टोकं फरशीवर पडत गेली. कात्रीचा आवाज आणि हीटरची घरघर, एवढंच. नंदन भिंतीकडे बघत होता. त्याची पाठ ताठ होती, मान एकदाही हलली नाही.

काम झालं तेव्हा डोक्यावर दोन इंच उरले होते. सगळे तिचे. मिस पॉलेटनी सॅटिनचा स्कार्फ बांधून दिला. मग नंदन उठला, तिच्या स्कार्फकडे बघून म्हणाला, निघतो, दुकान उघडायचंय. आणि गेला.

तिथून तिची बेचैनी दुप्पट झाली. त्याने बघितलं नाही, हे चांगलं की वाईट? आदर म्हणून की भीती म्हणून? रात्री स्कार्फ बांधताना तिला वाटायचं, किती समजूतदार. सकाळी स्कार्फ सोडताना वाटायचं, बघायचंच नसेल. विग तिने कपाटात वर टाकला, टोपीला अस्तर लावलं, पाण्याची स्प्रे बाटली आणली. केस पाणी प्यायल्यावर बोटाभोवती आपोआप वळायला लागले. ही गंमत तिला कोणाला तरी सांगायची होती. त्या 'कोणीतरी'ने रेजिनाचं तिकीट काढलं होतं. रविवारी, २५ तारखेला, दुपारी साडेतीनची बस.

श्रावणीने एक दिवस पाहिलं आणि न राहवून म्हणाली, "त्याला विचार ना सरळ."

"काय विचारू?"

"जे मला रोज विचारतेस ते."

गुरुवारी सेलेस्टीनने मेसेज टाइप केला, पुसला, पुन्हा टाइप केला. "रविवारी केस धुवायचेत. मागच्या बाजूला हात पोचत नाही. येशील?"

उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. "किती वाजता?"

तिने चर्चमधली मिस्सा शनिवारी संध्याकाळचीच केली, म्हणजे रविवार मोकळा. नऊचं ठरलं होतं. तो पावणेअकराला आला; घराची किल्ली परत द्यायला घरमालक वेळेवर भेटला नाही. दारात दोन सुटकेसा ठेवून तो उभा राहिला, चष्म्यावर वाफ. त्याने चष्मा पुसला, घातला. ती किचनच्या सिंकपाशी खुर्ची घेऊन बसली होती, डोक्याला टॉवेल. श्रावणी न सांगताच लायब्ररीत गेली होती.

त्याने हात धुतले. फार वेळ धुतले.

"नंदन," ती म्हणाली. "इकडे तोंड कर."

टॉवेल काढला. पाणी मानेवरून ओघळलं. डोक्यावर ओले, काळे, दाट वळसे, आणि डाव्या कपाळावर दोन बोटांची ती जागा, जिथे आता कोवळी लव आली होती. तिने डोळे मिटले नाहीत. तिला त्याचा चेहरा बघायचा होता.

तो आधी त्या जागेकडेच बघत राहिला.

"हे माझ्यामुळे."

"अर्धं माझ्यामुळे. मलाही तेच बरोबर वाटत होतं."

मग त्याची नजर सगळीकडे फिरली, सावकाश. शेवटी तो म्हणाला, "रबराच्या बाईपेक्षा खूप जास्त आहेत. साडेतीनपर्यंत होणार नाही."

"एवढंच?"

"एवढंच नाही. पण आधी काम सुरू करू दे."

तो तिच्या मागे उभा राहिला. भांग पाडले, चार भाग केले, तीन भाग क्लिपांनी बांधले. कंडिशनर, रुंद कंगवा, टोकाकडून. एक बट घेतली की तिचे दोन भाग, एकमेकांभोवती गुंडाळत, शेवटपर्यंत. पहिले तीन पीळ सुटले. चौथा टिकला. खिडकीच्या बर्फातून निळसर उजेड येत होता. त्याची बोटं टाळूला लागत तेव्हा ती श्वास रोखायची आणि आपण श्वास रोखलाय हे त्याला कळू नये म्हणून काहीतरी बोलायची.

"दुखतंय?"

"नाही."

"मग हलू नकोस."

बारा वाजले, एक वाजला. ओट्यावरच्या घड्याळाकडे दोघंही बघत नसल्यासारखं करत होते. समोर भिंत, मागे तो. चेहरा दिसत नसला की काही गोष्टी बोलता येतात.

"त्या दिवशी तू वळून बघितलं नाहीस," ती म्हणाली.

बोटं थांबली. "तू बघ म्हणाली नाहीस."

"बघावंसं वाटलं नाही?"

"भिंतीवर कॅलेंडर होतं, सेलेस्टीन. त्यातल्या सगळ्या सुट्ट्या पाठ झाल्या माझ्या. दुसरीकडे बघायला जागा नव्हती आणि मागे बघायची... फार इच्छा होती."

तिला हसू आलं. मान हलली, पीळ सुटला. तो कुरकुरत पुन्हा घालू लागला.

"आणि आज बघितल्यावर?"

"आज वाटतंय रेजिनाला जाऊ नये."

"ते विचारलं नाही मी."

"माहीत आहे." त्याने बट घट्ट धरली, मग आठवून सैल केली. "मला तू आवडतेस. नोव्हेंबरपासून. टोपीसकट आवडत होतीस, विगसकटही. मी समजत होतो, याहून जास्त आवडणं होत नसतं. चूक होती माझी."

नळ थेंबथेंब गळत होता. तो एक पीळ पूर्ण करेपर्यंत थांबला, मग त्याने घाबरून विचारलं, ऐकलंस का.

"नळ गळत होता," ती म्हणाली. "पुन्हा सांग."

"खोटारडी."

"सांग ना..."

त्याने सांगितलं. या वेळी कानाजवळ, आणि थोडक्यात. तिने हात मागे नेला, त्याचं कंडिशनरने बुळबुळीत झालेलं मनगट धरलं आणि सोडलं नाही. त्यात दहा मिनिटं गेली, त्यांचा हिशेब घड्याळालाच ठाऊक.

अडीच वाजले तेव्हा उजवी बाजू पूर्ण झाली होती. डावीकडे एकही पीळ नव्हता. केस सुकत वर उठले होते, मोकळे, अर्ध्या चंद्रासारखे. नंदन म्हणाला, बस सोडतो, रात्री कोणाची तरी गाडी बघतो. ती उठून उभी राहिली.

"उद्या साडेआठला तुला हजर व्हायचंय."

"अर्धं डोकं राहिलंय."

"राहू दे. पीआर माझ्या केसांत अडकवू नकोस. पुढे ऐकवशील."

पुढे हा शब्द तोंडातून सहज गेला. दोघांनीही तो ऐकला आणि दोघंही बूट शोधायला लागले.

बस विमानतळाजवळच्या टर्मिनलवरून सुटायची. टॅक्सीत तिने अस्तराची टोपी घातली होती. बाहेर उणे पंधरा होतं. आत शिरल्यावर गरम हवा अंगावर आली. बाकांवर वीस-पंचवीस माणसं, तिकीट खिडकीवर एक बाई, कोपऱ्यात पगडीवाले एक आजोबा पराठा खात. सेलेस्टीनने टोपी काढून कोटाच्या खिशात घातली. उजवीकडे वाकडेतिकडे पीळ, डावीकडे मोकळं रान. तिकीटवालीने एकदा बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. आजोबांचा घास हातात राहिला.

"लोक बघतायत," नंदन हळूच म्हणाला.

"बघू दे. उजवी बाजू तुझी आहे. लाज तुला वाटायला हवी."

ड्रायव्हर सुटकेसा चढवत होता. नंदनने उजवीकडचा एक पीळ दोन बोटांत धरला. "किती दिवस टिकतात हे?"

"मिस पॉलेट म्हणतात, दोन आठवडे. तुझ्या हातचे दहा दिवस."

"म्हणजे सात मार्च. बुधवार."

"बुधवारी मला ड्युटी आहे."

"मग शनिवारी. दहा तारखेला. शुक्रवारी रात्रीची बस धरतो."

"एवढं लांब, केसांसाठी?"

"केसांसाठी कोण येतंय," तो म्हणाला. "पण घरी तेच सांगणार आहे."

तिने त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. आणखी काही बोलायचं होतं, ड्रायव्हरने हाक मारली, तो चढला. काचेमागे तो दोन्ही हातांनी डोक्याच्या डाव्या बाजूकडे खुणा करत होता, बराच वेळ, काहीतरी समजावत. बस वळली.

पंधरा नंबरची बस तिथूनच सुटत होती. सेलेस्टीन मधल्या सीटवर खिडकीशी बसली. गाडी भरली, समोरच्या दोघी तिच्या डोक्याकडे बघून कुजबुजल्या. घरी पोचायला पन्नास मिनिटं होती. तिने पर्समधून स्प्रे बाटली काढली, डाव्या बाजूवर पाणी मारलं, क्रीमची डबी मांडीवर उघडली आणि पहिली बट वेगळी केली.